भोपळ्यांच्या गावाचा नकाशा

कल्पनेतलं गाव कागदावर उतरवायला बसलेल्या मुलाला मी सगळ्यात आधी एकच विचारते: तिथे पाणी कुठून येतं? राजवाडा, उडते घोडे, आकाशात दोन चंद्र हे सगळं मुलांकडे तयार असतं. पाण्याचं कोणी ठरवलेलं नसतं. मूल थबकतं, पेन्सिलीचं टोक चावतं, आणि खरं चित्र बहुतेक वेळा तिथून पुढे सुरू होतं. पाणी आलं की उतार आला. उतार आला की वरची आळी आणि खालची आळी आली. मग घागर घेऊन कोण जातं, हेही आलं. एवढं ठरलं की गाव उभं राहायला लागतं, मग त्याला बुरूज असोत वा नसोत.

माझं आयुष्य सांगली-मिरजेकडे चित्रकला शिकवण्यात गेलं. आमच्याकडे चित्रकला म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, हे मी कुठेही ठामपणे सांगेन. ज्या घरात रंगपेटी घेणं ही चैन होती, तिथेही परीक्षा आहे म्हणून रंगपेटी आली. स्थिरचित्रानं मुलांना बघायला शिकवलं, संकल्पचित्रानं जागा वाटायला शिकवलं. स्मरणचित्राचं मात्र मला कायम वाईट वाटत आलंय. आठवडी बाजार, बसथांबा, गणपतीची मिरवणूक असे विषय येतात आणि मुलं आकृत्या पाठ करून जातात. डावीकडे फुगेवाला, उजवीकडे टोपली घेतलेली बाई, मध्ये पाठमोरा माणूस. हे स्मरण मुलाचं नसतंच, ते कुणीतरी फळ्यावर काढून दिलेलं असतं. जिनं आपल्या गावचा बाजार शेकडो वेळा पाहिलाय, तीही परीक्षेत दुसऱ्याचा बाजार काढून येते.

पोर्टफोलिओ नेमका इथे आडवा येतो. डिझाइनच्या, कलेच्या काही संस्था, खासगी विद्यापीठं, परदेशातली कला महाविद्यालयं तो मागतात, आणि मागताना त्यांना मुलाचं स्वतःचं काही हवं असतं. बारावीपर्यंत ज्याला स्वतःचं काढायला कुणी सांगितलंच नाही, त्याच्यापुढे एकदम पंधरा-वीस कोरे कागद येतात. मग धावपळ सुरू होते. काही ठिकाणी तर तयार ठशाचे पोर्टफोलिओ करून घेतात. एक चारकोलचं पोर्ट्रेट, एक जलरंगातलं निसर्गचित्र, एक कोलाज, आणि ‘कल्पनाचित्र’ म्हणून तरंगणारी बेटं. ते पाहिलं की मला त्या मुलांची फार काळजी वाटते. हात तयार असतो, पण त्या हाताला सांगणारं कोणी आत तयार झालेलं नसतं.

मिरजेतली एक मुलगी अशीच माझ्याकडे आली होती. तिच्या चित्रांत उडते ड्रॅगन होते, धुक्यातले किल्ले होते, निळ्या केसांची मुलगी होती. सगळं सफाईदार. ॲनिमे आणि मोबाइलवरचे खेळ बघून हात किती तयार होतो, हे मी तेव्हा जवळून पाहिलं. त्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. मी पाण्याचं विचारलं. “धबधब्यातून येतं, बाई,” ती म्हणाली. आणि धबधब्यात कुठून येतं? ती काही बोलली नाही. कागद गुंडाळून घरी गेली.

तिचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळ. ज्यांनी मिरज पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी आणि तंबोरे बनतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटले गेले असतील-नसतील, पण गल्लीतलं काम थांबलं नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मोठाले भोपळे येतात. ते वाळवायचे, कापायचे, भिजवून हवा तसा घेर द्यायचा, आत काठ्या देऊन तो घेर धरून ठेवायचा. मग दांडी, तबली, खुंट्या, घोडी. सगळ्यात शेवटी तारा, आणि तारेखाली सुताचा इवलासा तुकडा. घोडीवर तो धागा केसभर इकडेतिकडे सरकवला की तारेचा नाद खुलतो, त्यालाच जवारी लागली म्हणतात. हे काम करणारे चाचा मान तिरकी करून कान तारेजवळ नेतात, तेव्हा दुकानात कोणी बोलत नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा हातात एकही चित्र नव्हतं.

“बाई, आमच्या गल्लीत रात्रीपर्यंत तारा लावत असतात. तो आवाज नंतर कुठे जातो?”

“तूच सांग, कुठे जातो?”

“आपल्याकडे विरून जातो. पण समजा, एखाद्या गावात विरतच नसेल तर? साठत असेल तर?”

ड्रॅगन एका वाक्यात गेले. तिचं गाव भोपळ्यांचं होतं. घरं भोपळ्यांची, म्हणून गोल, आणि आत बोललेलं बाहेर जात नाही असं. त्या गावात आवाज धुळीसारखा खाली बसतो. कौलांवर बसतो, उंबऱ्यावर बसतो, म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यांवर बसतो. जुन्या घरांवर जाड थर असतात, नवी घरं कोरी दिसतात. आणि पाणी? विहिरीचं. पण ते गाळून प्यावं लागतं, कारण गाळणं नीट नसेल तर दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडी येतं. हे सांगताना तिला हसू आलं. मला नाही आलं. आपल्या मुलखात दुसऱ्याचं बोलणं तोंडी घेऊन किती माणसं हिंडत असतात, ते मनात आलं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला: एवढा आवाज साठतो, तर झाडतं कोण?

तिनं हा विचार केलेला नव्हता, आणि माझ्या मते सगळा पोर्टफोलिओ या प्रश्नातून निघाला. झाडणारी माणसं आली, त्यांची वस्ती आली. ती वस्ती गावाबाहेर का, हा प्रश्न तिनं स्वतःच स्वतःला विचारला. झाडलेला आवाज नेऊन टाकायला एक टेकडी आली. आणि त्या टेकडीवर रात्री कोणीतरी येऊन उकरत बसलेलं असतं, कारण त्याच्या गेलेल्या आईची हाक त्या ढिगात कुठेतरी आहे. हे चित्र तिनं सगळ्यात शेवटी काढलं. पण त्याची कच्ची रेघ वहीत पहिल्या आठवड्यातच पडलेली होती.

काल्पनिक जगाला नियम लागतो. चमत्कार कितीही घाला, नियम नसेल तर ते जग धरत नाही. इंग्रजी लेखक टॉल्किननं आधी नकाशा काढला आणि कथा त्यात बसवत नेली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. 1937 च्या ‘द हॉबिट’मधली चित्रं आणि नकाशे त्याच्याच हातचे आहेत. लुइजी सेराफिनी या इटालियन कलावंताचा ‘कोडेक्स सेराफिनियानस’ 1981 साली आला. कोणालाही वाचता न येणाऱ्या लिपीत लिहिलेला, रंगीत पेन्सिलींनी रंगवलेला तो एका नसलेल्या जगाचा विश्वकोश आहे. वनस्पती, प्राणी, यंत्रं, पोशाख, सगळं पाठ्यपुस्तकाच्या शिस्तीनं मांडलेलं. अक्षर कळत नाही, तरी पान उलटताना आपला विश्वास बसत जातो, तो त्या शिस्तीमुळे.

पण नियम डोक्यात असून भागत नाही, तो कागदावर दिसला पाहिजे. मिश्र माध्यमाचं खरं काम इथे सुरू होतं. मुलांना मिक्स्ड मीडिया म्हणजे जे हाताशी असेल ते चिकटवणं वाटतं. वर्तमानपत्राचा तुकडा, थोडं सोनेरी, ओल्या रंगावर मीठ, कॉफीचा डाग. डाग सुंदर दिसतो हे खरं. पण हा डाग त्या जगात काय आहे, असं विचारलं तर उत्तर नसतं. आम्ही दोघींनी मिळून एक ठरवलं, आणि हे ठरवणं मला आजही या साऱ्या कामाचा कणा वाटतं: प्रत्येक माध्यमाला गावात एकच काम. साठलेला आवाज म्हणजे चारकोल, कारण चारकोल खरोखरच कागदावर बसतो, हात लागला की उडतो, बोटांना लागतो. घरांच्या भिंती म्हणजे चिकटवलेला कागद. माणसं शाईच्या रेघेत. आणि आत्ता, या क्षणी कोणी बोलत असेल, गात असेल, तर तिथे सुताचा धागा. कागदाला भोक पाडून खरोखर ओवलेला. जवारीचाच धागा, चाचांकडून मागून आणलेला.

एकदा हे ठरल्यावर चारकोल कुठे वापरायचा याचा मोह संपतो. नुसती सावली छान दिसेल म्हणून घासता येत नाही. नव्या घराच्या भिंतीवर चारकोल आला तर प्रश्न पडतो, हे घर नवं, मग इथे एवढं बोललं कोण?

कारखान्यातला भुसा वापरावा, असं तिला फार वाटत होतं. लाकूड तुणीचं, भुसा तांबूस, दिसायला देखणा. गोंदावर पेरला, वाळला, आणि कागद उभा केल्यावर निम्मा खाली आला. गोंद वाढवला तर कागदाला पोक आलं. शेवटी भुसा बाजूला ठेवून ती ज्यातून भुसा निघतो त्या लाकडाकडे वळली. तबलीवर पातळ कागद ठेवून त्यावरून चारकोल आडवा घासला, आणि लाकडाचे सगळे पेर, सगळ्या शिरा कागदावर उतरल्या. चित्रकार माक्स एर्न्स्टनं 1925 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खोलीत जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून असंच घासलं होतं, आणि त्यातून त्याला जंगलं सापडली होती. हिला नांगरलेली शेतं सापडली. भोपळ्याच्या सालीवर तोच प्रयोग करायचा तर कार्ट्रिज पेपर वळत नाही. म्हणून तिनं पतंगाचा कागद घेतला. पांढरा, झुळझुळीत, बोट ओलं असेल तर फाटणारा. भोपळ्यावर तो बसवून तिनं इतक्या हलक्या हातानं चारकोल फिरवला की सालीवरचा एकेक व्रण, वेलीवर असताना जमिनीला टेकलेली खरखरीत बाजू, सगळं आलं. तेच तुकडे कापून तिनं घरांच्या भिंती केल्या. ते चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, पातळ, गाळून घेतलेली. फेव्हिकॉलनं तो कागद कडक होतो आणि त्याचा जीव जातो. खळ वाळल्यावर तो खालच्या कागदाशी एकजीव होतो आणि हात फिरवला तरी कड लागत नाही.

कागदाचं मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण मुलं रंगांवर पैसे घालतात आणि कागद जो मिळेल तो घेतात. मिश्र माध्यमात सगळा भार कागद सोसतो. खळ लावली की तो भिजतो, फुगतो, वाळताना आखडतो. म्हणून आधीच तो पाण्यात भिजवून, ड्रॉइंग बोर्डवर चारी बाजूंनी गमटेपनं बसवून ताणून घ्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा. मग कितीही पाणी घाला, तो सपाट राहतो. क्रमही पाळावा लागतो. पाण्याचे रंग आधी, चारकोल नंतर. मेणाचा किंवा तेलाचा खडू लावून त्यावर पाणी सोडलं तर पाणी तिथून सरकतं, हे जिथे हवं असेल तिथेच मेण आधी. तिच्या गावात असं मेण एकाच ठिकाणी आलं. झाडलोट करणाऱ्या बाईच्या अंगावर. आवाज तिच्यावर बसत नाही, कारण तिच्याशी कोणी बोलतच नाही. हे ती मला इतक्या साध्या आवाजात सांगून गेली की मी काही वेळ काहीच बोलले नाही. शाई घेतानाही पाण्यानं न फुटणारी घ्यावी, नाहीतर वॉश दिला की माणसं वाहून जातात.

चारकोल पक्का करायला फिक्सेटिव्हचा डबा मिळतो, पण तो महाग, आणि तिनं घरापुढच्याच दुकानातली गोष्ट उचलली. तंबोऱ्याला लावतात ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती आणखी स्पिरिट घालून पातळ केली आणि तोंडानं फुंकायच्या नळीनं दुरून फवारली. युरोपातले एकोणिसाव्या शतकातले चित्रकारही कोळशाच्या चित्रांसाठी स्पिरिटातली लाख वापरत. लाखेनं कागदावर मधाची पिवळट झाक येते. काळानं ती आणखी गडद होते, हे मी तिला सांगितलं, आणि ज्याला चित्र तसंच्या तसं टिकवायचंय त्यानं हा मार्ग घेऊ नये. तिला ती झाक हवी होती. गावात जिथे संध्याकाळ आहे तिथे दोन फवारे, जिथे सकाळ तिथे एकही नाही, आणि सकाळच्या चित्रांवर पारदर्शक कागद ठेवून तो कडेनं टाचलेला. सकाळचा आवाज अजून सुटा असतो, हाही नियमच झाला.

हाताशी आहे त्यातून जग उभारण्याची गोष्ट निघाली की मला हॉवर्थची ब्राँटे भावंडं आठवतात. यॉर्कशरमधल्या त्या गावात 1826 साली पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलाला, ब्रॅनवेलला, लाकडी शिपायांचा एक डबा आणून दिला. बारा शिपाई होते. चार भावंडांनी ते वाटून घेतले, त्यांना नावं दिली, आणि त्यांच्यासाठी काचनगरी वसवली. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं अँग्रिया झालं, एमिली आणि ॲन यांचं गोंडाल. या राज्यांची पुस्तकं त्यांनी स्वतः शिवली. तळहातावर मावतील एवढी, साखरेच्या पुड्यांच्या आणि पार्सलांच्या कागदातून कापलेली, शिपायांना वाचता यावीत म्हणून त्यांच्याच मापाची. अक्षर इतकं बारीक की मोठ्यांना भिंग लागावं. ब्रॅनवेलनं नकाशेही काढले. कागदाची टंचाई आणि शिपायांचं माप, या दोन गोष्टींनी त्या जगाचा आकार ठरवला. एमिली मोठी झाल्यावरही गोंडालमध्ये लिहीत राहिली. पोरखेळ म्हणून मोठी माणसं जे झटकून टाकतात, त्यातून काय उभं राहतं याचं हे उदाहरण मी पालकांना सांगते.

आपल्याकडचं उदाहरण चंदीगडचं. नेकचंद सरकारी नोकरीत रस्त्यांची देखरेख करणारे. त्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून टाकाऊ माल गोळा करून, कोणाला कळू न देता, जंगलातल्या एका घळीत आपलं राज्य उभं केलं. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेचे सॉकेट. बांगड्यांचे तुकडे माणसांच्या अंगावरचे कपडे झाले. 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ज्या शहराची एकेक रेघ आधी कागदावर आखली गेली, त्याच्याच कडेला हे राज्य वाढलं.

आणि एवढं सगळं मिश्र माध्यमाचं सांगूनही मी म्हणेन, नियम एकाच माध्यमात पेलत असेल तर दुसऱ्याला हात लावू नये. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं ‘द अरायव्हल’ 2006 सालचं. त्यात एकही शब्द नाही, सगळं जवळपास पेन्सिलीत. परमुलखात आलेल्या माणसाला तिथली अक्षरं, फळं, जनावरं यांतलं काहीच ओळखता येत नाही, आणि चित्रकारानं ती अशी काढलीत की आपल्यालाही ओळखता येऊ नयेत. पेन्सिलीनं जुन्या फोटोंचा भास दिला आणि काम झालं. तिथे कोलाज आलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

चित्रं झाल्यावर त्यांचा क्रम लावायचा असतो, आणि तिथे पुष्कळ पोर्टफोलिओ पडतात. सगळ्यात देखणं चित्र पहिलं आणि मग उतरंड, असं लावायची पद्धत आहे. मी तिला पिंगुळीचं उदाहरण दिलं. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. एकेक कथेच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, गाणारा गातो आणि एकेक चित्र समोर धरतो. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांत एकटं पाहिलं तर साधं वाटणारं चित्र असतं, कोणीतरी नुसतं उभं आहे, बाण अजून सुटलेला नाही. पण पोथीत ते आपल्या जागी आलं की बघणारा पुढे सरकून बसतो. माझ्या मते पोर्टफोलिओची पोथी झाली पाहिजे. बघणाऱ्याला आधी नियम कळावा, मग नियमाची सवय व्हावी, आणि मग एके ठिकाणी तो नियम त्याला टोचावा.

तिनं सुरुवातीला ठेवलं भोपळ्याचं वस्तुचित्र. साधं, पेन्सिलीतलं. त्यानंतर तोच भोपळा खिडकी उघडून. मग गावाचा नकाशा, त्यावर विहीर, उतार, दोन आळ्या, टेकडी. मग घरं, बाजार, देवळापुढचा चौक, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर कुठेतरी एखादा धागा. बाजाराच्या चित्रात मात्र धागाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, “आज झाडलोटीचा दिवस आहे, बाई. आज बोलायचं नसतं.” भरलेला बाजार, तोंडं मिटलेली, हातानं भाव करणारी माणसं. आणि कडेला ती मेणाची बाई, वर्षातून याच दिवशी सगळ्यांच्या मधून चालत जाणारी. मला विचाराल तर तिच्या पोर्टफोलिओतलं सगळ्यात मोठं चित्र हेच. त्यात हातचलाखी शून्य आहे. धागा नसल्याचं दुःख व्हायला आधीच्या चित्रांमधले धागे पाहिलेले असावे लागतात.

फसलेली पानंही तिनं ठेवली. भुसा गळालेलं पान, शाई फुटलेलं पान, पतंगाचा कागद जिथे फाटला ते पान. प्रत्येकाखाली तारीख आणि दोन ओळी: काय करायला गेले, काय झालं. या पानांवर आमची बरीच चर्चा झाली. घरच्यांना ती नको होती. लग्नाच्या अल्बममध्ये कोणी फाटके फोटो लावतं का, असं तिच्या आजीचं म्हणणं. मी माझ्या मतावर ठाम होते आणि आहे. चित्र शिकवणाऱ्या माणसाला पुढ्यातल्या मुलाचं डोकं कसं चालतं ते त्या पानांत दिसतं. देखणं चित्र एकदा हाताला लागूनही जातं. भुसा सोडून लाकडाकडे वळण्याची अक्कल योगायोगानं येत नाही.

आता बहुतेक ठिकाणी चित्रांचे फोटो काढून पाठवावे लागतात, आणि मिश्र माध्यमाचं तिथे फार नुकसान होतं. समोरून फ्लॅश मारला की धागा नाहीसा होतो आणि चारकोल राखाडी दिसतो. सकाळी खिडकीशेजारी, उजेड एका बाजूनं तिरका येईल असं चित्र ठेवायचं. धाग्याची सावली कागदावर पडली की तो धागा आहे हे कळतं. एक फोटो पूर्ण चित्राचा, एक जवळून. आणि फोटोवर कुठलाही रंग चढवायचा नाही.

ती आता बाहेरगावी शिकते. त्या गावाची चित्रं अजून काढते, असं कळतं. टेकडीच्या पलीकडे काय आहे ते शोधतेय म्हणे.

तुमच्या घरात असं एखादं मूल असेल, वहीच्या मागच्या पानांवर नसलेल्या गावांचे नकाशे काढणारं, तर त्याच्यासाठी एवढंच करा. त्याचं चित्र हातात घेऊन दुरुस्त करू नका, त्याला पाण्याचं विचारा. रंगांची मोठी पेटी नसली तरी चालेल, कागद बरा आणून द्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, आपापल्या गावातही चांगला कागद ठेवणारं एखादं दुकान सापडतं. चित्राखाली तारीख घालायची सवय लावा. आणि परीक्षा संपल्यावर रद्दी काढाल तेव्हा चित्रांच्या वह्या आधी बाजूला काढून ठेवा.